ड्रायव्हरचा पगार शून्य

पुण्यात नोकरी करणाऱ्या प्रत्येक नागपूरकराच्या डोक्यात एक एक्सेल शीट कायमचं उघडं असतं. डावीकडे 'विमान', उजवीकडे 'गाडी'. सण जवळ आला किंवा घरात कुणाचं लग्न निघालं की डावीकडचा आकडा भराभर वाढायला लागतो. उजवीकडचा आकडा मात्र शांत, समजूतदार, गावाकडच्या काकांसारखा जागच्या जागी बसून असतो. मग आपण दोन्ही आकड्यांकडे बघतो, विमान कंपनीला मनापासून चार शिव्या घालतो आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरायला निघतो.

माझं म्हणणं असं की हे शीट चुकलेलं आहे. "तुम्ही गाडीचा मेंटेनन्स धरतच नाही" हे रडगाणं सगळ्यांनी ऐकलेलं असतं, ते मीही खाली थोडं गाणार आहेच. पण खरा बग दुसराच आहे. या शीटमध्ये एक व्हेरिएबल शून्यावर इनिशियलाइझ केलंय आणि नंतर कुणी त्याला हातच लावलेला नाही. त्या व्हेरिएबलचं नाव आहे ड्रायव्हर.

तर मंडळी, आधी पैशाचं बोलू, कारण आपण सगळे तिथूनच सुरुवात करतो.

पुणे ते नागपूर, छत्रपती संभाजीनगरपर्यंत जुन्या रस्त्याने आणि तिथून समृद्धीने, ७२० किलोमीटर धरू. गाडी लिटरला १५ देते म्हणजे ४८ लिटर पेट्रोल. १०५ रुपयांच्या भावाने ५,०४० रुपये. समृद्धीचा टोल १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे २ रुपये ६ पैसे झाला. आपण त्यावर साधारण ४५० किलोमीटर चालतो, म्हणजे सव्वानऊशेच्या आसपास. अलीकडचे नाके धरून टोल १,२०० म्हणू. (वार्षिक फास्टॅग पास काढून छाती फुगवलेल्यांसाठी: तो राष्ट्रीय महामार्गांचा आहे. समृद्धी राज्याची, तिथे तो चालत नाही.) एकूण झाले ६,२४०. बहुतेकांचं शीट इथे संपतं.

आता ते रडगाणं. टायर आणि सर्व्हिसिंग मिळून किलोमीटरला दीड रुपया कुठे गेला नाही. शिवाय बारा लाखांची गाडी पाच वर्षांत साठ हजार किलोमीटर चालवून सहा लाखांना विकली, तर किलोमीटरला दहा रुपये झिजले. मान्य, गाडी नुसती पार्किंगमध्ये उभी असली तरी त्यातली बरीच किंमत उतरतेच. म्हणून मी उदारपणे दहाऐवजी तीनच धरतो. हे साडेचार रुपये गुणिले ७२० म्हणजे ३,२४०. एकूण साडेनऊ हजाराला वीस रुपये कमी. म्हणजे शीटमध्ये दिसतं त्याच्या दीडपट.

हे माझं कुचकट गणित वाटत असेल तर अमेरिकेतल्या आपल्या मित्रांना विचारा. तिथल्या आयकर खात्याने कामासाठी स्वतःची गाडी चालवण्याचा २०२५ चा दर मैलाला ७० सेंट ठरवला होता. तीन डॉलरला गॅलन आणि गॅलनला २५ मैल धरले तर पेट्रोल मैलाला होतं १२ सेंट. बाकीचे ५८ सेंट म्हणजे गाडी झिजणं, विमा, दुरुस्ती वगैरे. सरकारी बाबूंनाही जे कळतं ते आपल्याला, दिवसभर दुसऱ्याच्या कोडमधल्या चुका शोधणाऱ्यांना, कळू नये याची मौज वाटते.

आता विमान. महिनाभर आधी काढलेलं तिकीट पाच हजार धरू. हिंजवडीहून लोहगावला टॅक्सीचे ९००, नागपूरला उतरल्यावर ४००. एकटा माणूस ६,३०० मध्ये घरी पोचतो आणि गाडीपेक्षा तीन हजार वाचवतो. दोघं असतील तर ११,३००, म्हणजे गाडी पावणेदोन हजारांनी स्वस्त. चौघं असतील तर २१,३००. इथे गाडी जवळजवळ बारा हजारांनी जिंकते. आणि दिवाळीत तिकीट बारा हजारांवर गेलं तर हिशेब करायचीही गरज नाही.

म्हणजे चौघांच्या कुटुंबासाठी गाडी स्वस्तच आहे. झीज धरूनही स्वस्त आहे. हे मी मुद्दाम आधीच कबूल करतोय, कारण पुढचं सगळं मी विमान कंपन्यांची दलाली करतोय म्हणून लिहिलंय असं वाटायला नको. त्यांच्याबद्दल मला तसूभरही प्रेम नाही. केबिनमध्ये सात किलो, पोटात पंधरा किलो, त्यावर किलोकिलोचा दंड. खिडकीचे पैसे वेगळे, पाय लांब करायचे वेगळे, आणि शेवटी गरम पाणी ओतलेला उपम्याचा कप अशा थाटात हातात देतात की जणू आपल्या मुंजीला आलेत.

पण मग आरामाचं काय? इथे तर आपण सगळे कवीच होतो. "विमानात गुडघे तोंडाला लागतात हो!" लागतात. एका ए३२० निओमध्ये १८६ खुर्च्या बसवल्या की पुढच्या-मागच्या खुर्चीत २८ ते ३० इंच अंतर उरतं आणि खुर्चीची रुंदी १७-१८ इंच. मधल्या सीटवर बसणं ही शिक्षा आहे याबद्दल दुमत नाही. पण एकदा मोजपट्टी घेऊन स्वतःच्या गाडीत मागे बसा. आपल्याकडच्या बऱ्याचशा गाड्यांमध्ये मागच्या सीटवर खांद्याच्या उंचीला साधारण १३५ सेंटिमीटर जागा असते. तिघांत वाटली तर प्रत्येकी ४५ सेंटिमीटर, म्हणजे पावणेअठरा इंच. विमानाइतकीच! फरक एवढाच की विमानातल्या मधल्या माणसाच्या पायाखाली उंचवटा नसतो, मांडीवर भाकरवडीची पिशवी नसते, आणि त्याची सुटका सव्वा-दीड तासात होते. गाडीतल्या मधल्या माणसाची (बहुतेक वेळा ती धाकटी बहीण किंवा सासूबाई असतात) सुटका अकरा तासांनी.

आणि बाकीच्यांना गाडीत आराम मिळतो तो कसा मिळतो? हवं तिथे थांबता येतं, पाय वर घेता येतात, गाणी लावता येतात, मुलं झोपतात, बाबा घोरतात. एकदम मान्य. हा सगळा आराम खरा आहे. पण गाडीतला एक माणूस यातलं काहीच करत नाही. त्याच्या पाठीचा कोन बदलत नाही, उजवा पाय एकाच पेडलवर असतो आणि डोळे रस्त्यावर. बाकी तिघांचा आराम हा त्याने केलेल्या कामातून येतो. विमानात आपण १८६ जण अवघडून बसतो, पण काम करणारी दोन माणसं पुढे बसलेली असतात आणि त्यांना त्याचा पगार मिळतो. गाडीत काम करणाऱ्याला काय मिळतं? "मस्त चालवतोस रे तू" आणि एक चहा.

इथेच खरा मुद्दा सुरू होतो.

डिसेंबर २०२५ आठवतोय? इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली, विमानतळांवर बॅगांचे ढीग लागले, लोक फरशीवर झोपले. सरकारने ६ डिसेंबरला भाड्यांवर तात्पुरती मर्यादा घातली, ५०० ते १,००० किलोमीटरसाठी १२,००० रुपये. या गोंधळाच्या मुळाशी काय होतं? वैमानिकांच्या झोपेचे नियम. डीजीसीएने जानेवारी २०२४ मध्ये ड्यूटीचे नवे नियम काढले होते. आठवड्याची सलग विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास. 'रात्र' म्हणजे मध्यरात्री बारा ते पहाटे सहा, आधी ती पाचलाच संपायची. रात्रीच्या लँडिंग्ज सहावरून दोनवर. रात्रीच्या ड्यूटीत उड्डाणाचा वेळ जास्तीत जास्त आठ तास. हे १ जुलै आणि १ नोव्हेंबर २०२५ अशा दोन टप्प्यांत लागू झालं, कंपनीने त्या हिशेबाने पुरेसे वैमानिक तयार ठेवले नव्हते, आणि सगळं कोसळलं. मग त्या कंपनीला १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत रात्रीच्या नियमांतून सूट द्यावी लागली.

त्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या कँटीनमध्ये सगळे चिडलेले होते आणि चिडणं रास्तच होतं. पण मला एक गोष्ट फार विचित्र वाटत होती. "वैमानिक दमलेला नको, नियम पाळलेच पाहिजेत" असं ठणकावून सांगणाऱ्यांपैकी दोघं जण फ्लाइट रद्द झाली म्हणून शुक्रवारी काम संपवून संध्याकाळी सातला स्वतः गाडी घेऊन नागपूरला निघाले होते. दुसऱ्या दिवशी ग्रुपवर फोटो. "काय बे, अकरा घंट्यात टच केलं!" खाली चाळीस अंगठे आणि तीन आगीच्या ज्वाळा.

आता हे वेळापत्रक जरा डीबग करून बघू. माणूस शुक्रवारी सकाळी सातला उठलाय. दिवसभर स्टँडअप, रिव्ह्यू, प्रॉडक्शनवरचा एखादा बग. संध्याकाळी सातला निघाला. पुण्यातून बाहेर पडणं, शिक्रापूर, शिरूर, अहिल्यानगर, मध्ये जेवण, ट्रकच्या रांगा. २३५ किलोमीटरला साडेपाच-सहा तास धरा. म्हणजे समृद्धीवर चढेपर्यंत वाजले एक. तिथून ४५० किलोमीटर, थांबून-बिंबून पाच तास. म्हणजे हा पठ्ठ्या समृद्धीवर असतो रात्री एक ते सकाळी सहा.

वैमानिकांच्या नियमांत रात्री दोन ते सहा या वेळेला वेगळी वागणूक आहे, कारण माणसाचं शरीर तेव्हा सगळ्यात मंद असतं. आपण नेमकी तीच वेळ, नेमक्या त्याच रस्त्यावर घालवतो जो सरळ आहे, रुंद आहे, रिकामा आहे आणि जिथे १२० ची परवानगी आहे. अहिल्यानगरच्या रस्त्यावर खड्डे, बैलगाड्या आणि ऊस भरलेले ट्रॅक्टर तरी माणसाला जागं ठेवतात. समृद्धीवर जागं ठेवायला काहीच नाही. डोळे उघडे असतात, गाडी चाललेली असते, आणि मागचे दहा किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही. ज्यांनी हा रस्ता रात्री चालवलाय त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. १२० च्या वेगाला सेकंदाला ३३ मीटर जातात. तीन सेकंद डुलकी म्हणजे शंभर मीटर.

१ जुलै २०२३ ला रात्री दीडच्या सुमाराला याच रस्त्यावर सिंदखेडराजाजवळ नागपूरहून पुण्याला येणारी ट्रॅव्हल्सची बस उलटली, पेटली आणि २५ माणसं गेली. तो रूट आपला होता. ती वेळ आपली होती. पुण्यात नोकरी-शिक्षणासाठी येणारी आपल्यासारखीच माणसं त्या बसमध्ये होती. आठवडाभर आपण सगळे हादरलो होतो. मग पुन्हा 'अकरा घंट्यात टच'.

आणखी एक आकडा देतो, जो मला सगळ्यात जास्त बोचतो. डॉसन आणि रीड या दोन संशोधकांचा १९९७ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटासा निबंध आला. त्यांना असं आढळलं की सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असलेल्या माणसाइतकाच ढिला पडतो, आणि २४ तास जागं राहिल्यावर हे प्रमाण ०.१० टक्क्यांवर जातं. आता भारतातली कायदेशीर मर्यादा काय? १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम, म्हणजे ०.०३ टक्के. सकाळी सातला उठलेल्या आपल्या हिरोला मध्यरात्री बाराला १७ तास होतात. म्हणजे समृद्धीवर चढतानाच तो कायद्याच्या हिशेबाने 'प्यायलेल्या'पेक्षा जास्त प्यायलेला असतो. फक्त त्याच्या तोंडासमोर धरायला पोलिसांकडे यंत्र नाही. आणि गंमत म्हणजे हाच माणूस शुक्रवारी पार्टीत दोन पेग झाले तर इमानदारीत कॅब करतो, आणि त्याचा त्याला अभिमानही असतो!

"पण विमानंसुद्धा पडतात की," असं कुणीतरी म्हणणारच. पडतात. १२ जून २०२५ ला अहमदाबादला काय झालं ते कुणीच विसरणार नाही, २६० माणसं गेली. त्याआधी ऑगस्ट २०२० मध्ये कोळिकोडला २१. त्याआधी मे २०१० मध्ये मंगळूरला १५८. २०१० ते २०२५ या सोळा वर्षांत आपल्या देशात नियमित प्रवासी विमानांचे हे तीन मोठे अपघात, मिळून ४३९ मृत्यू. आता रस्ता. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ या एका वर्षात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं मेली. दिवसाला ४६१. म्हणजे सोळा वर्षांत आकाशात जेवढी, त्याहून जास्त एका दिवसात रस्त्यावर.

ही तुलना पुरती न्याय्य नाही हे मलाही दिसतं. रस्त्याने जाणारी माणसं कितीतरी जास्त, आणि मरणाऱ्यांत सर्वाधिक दुचाकीवाले, त्यानंतर पायी चालणारे. ठीक आहे, त्यांना वगळा. फक्त कार, टॅक्सी, व्हॅन यांत बसलेले धरा. ते होते साधारण साडेबारा टक्के, म्हणजे २१ हजारांच्या आसपास. दिवसाला ५७. सोळा वर्षांचा विमानाचा हिशेब आठ दिवसांत पुरा होतो. तरीही विमान टेक-ऑफ घेताना आपण डोळे मिटून हात जोडतो आणि रात्री एक वाजता समृद्धीवर चढताना विचारतो, "गाणं बदलू का?"

आता नेहमीचे आक्षेप.

"मला चालवायला आवडतं." मलाही आवडतं. सकाळी सहाला निघून, उन्हं चढताना अहिल्यानगरच्या पुढे चहा घ्यायला जे सुख आहे ते कुठल्याच विमानात नाही. आवड असणं आणि झोप न येणं यांचा संबंध काय? मला कोडिंगही आवडतं. म्हणून पहाटे चारला थेट प्रॉडक्शनवर डिप्लॉय करू का? तुमची कंपनी करू देईल?

"चहा प्यायलो की झोप उडते." उडत नाही, पुढे ढकलली जाते. खिडकी उघडणं, तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी लावणं, हे सगळे पॅच आहेत. मूळ बग तसाच राहतो.

"नव्या गाडीत एडास आहे." लेन सोडली की ती पिकपिक करते, चांगलंच आहे. विमानात तर याहून कितीतरी भारी ऑटोपायलट असतो आणि शेजारी दुसरा वैमानिकही असतो. तरी कायदा म्हणतो, रात्री आठ तासांच्या वर नाही. तुम्ही एकटे, दिवसभराचं काम करून आलेले, अकरा तास. शेजारच्या सीटवर 'को-पायलट' म्हणून बसवलेली बायको जालन्यापर्यंत बोलून बोलून झोपलेली.

"ट्रकवाले नाही का रात्रभर चालवत?" चालवतात, आणि त्यांचे हाल कुत्रा खात नाही. पण कागदावर का होईना, पगारी चालकासाठी या देशात २०२५ पर्यंत १९६१ चा कायदा होता. साधारण दिवसाला आठ तास, आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती. युरोपात तर साडेचार तासांनी ४५ मिनिटं थांबावंच लागतं, आणि गाडीतलं यंत्र त्याची नोंद ठेवतं. स्वतःची गाडी स्वतः चालवणाऱ्या माणसासाठी मात्र कुणीच काही लिहिलेलं नाही. आपणच कंपनी, आपणच वैमानिक, आपणच डीजीसीए. आणि तिन्ही हुद्द्यांवरचा माणूस एकाच वेळी पेंगतोय.

बरं, मग करायचं काय? विमानाने जा असं मी म्हणतोय का? एकटे असाल तर हो, सरळ जा. गुडघे दुखतील, सव्वा तास सोसा. दारापासून दारापर्यंत सगळं धरून साडेपाच-सहा तास लागतात आणि पोचल्यावर आईशी दोन शब्द बोलण्याइतके शुद्धीवर असता. ऑगस्ट २०२५ मध्ये सुरू झालेली पुणे-नागपूर वंदे भारतही आहे. ८८१ किलोमीटर, साधारण बारा तास, दिवसाउजेडी. खुर्चीत बसून पाठ धरते, मान्य, पण ब्रेक मारायची जबाबदारी तुमच्यावर नसते.

चौघं असाल तर गाडीने जा. पण मग त्या बारा हजारांच्या बचतीकडे नीट बघा. ते पैसे पेट्रोलपंपाने दिलेले नाहीत, सरकारने दिलेले नाहीत. ते ड्रायव्हरने कमावलेत. मग त्यातले त्याच्यावर खर्च करा की! संभाजीनगरला किंवा जालन्याला रात्री दहा-साडेदहाला... नको, तेही नको, शनिवारी सकाळीच निघा. आणि शुक्रवारीच निघायचं असेल तर दुपारी निघा, रात्री नऊच्या आत संभाजीनगर गाठा, साडेतीन-चार हजारांत दोन खोल्या घ्या, जेवा, झोपा. सकाळी सहाला समृद्धीवर चढलात तर साडेदहा-अकराला नागपूरला तर्री-पोहे खायला हजर. हिशेब बघा: साडेनऊ अधिक चार, साडेतेरा हजार. विमानाचे २१,३००. मुक्काम करूनही गाडी पावणेआठ हजारांनी स्वस्त!

म्हणजे रात्री गाडी हाणण्याचं कारण पैसा नाहीच. मी इतके आकडे तुमच्या डोक्यावर मारले ते फक्त एवढं सिद्ध करायला. ड्रायव्हरला झोपू दिलं तरी गाडी जिंकते. मग आपण त्याला झोपू का देत नाही?

कारण आपल्याकडे पैसा कमी नाही, रजा कमी आहे. खरं म्हणजे रजाही नाही, रजा मागायची हिंमत कमी आहे. शुक्रवारी दुपारी दोनला निघतो म्हणायला जीभ रेटत नाही. क्लायंट कॉल सहाला असतो, तो सातपर्यंत लांबतो, आणि सोमवारी सकाळी दहाला परत पुण्यात हजर राहायचं असतं. म्हणजे परतीची रात्रही गाडीतच. अर्ध्या दिवसाची रजा वाचवायला आपण एक रात्र जाळतो, आणि ती रात्र आपल्या आईवडिलांना, बायकोला, मुलांना गाडीत बसवून जाळतो. शीटमध्ये रजेचा रकाना नाही, झोपेचा नाही, भीतीचाही नाही. म्हणून उत्तर दरवेळी सुंदर येतं.

माझ्या घरी आता चार नियम आहेत. वैमानिकांचे बघूनच केलेत, हसायचं तर हसा. एक, ऑफिस करून आलेला माणूस त्या दिवशी तीन-चार तासांच्या वर गाडी चालवणार नाही. दोन, रात्री अकरा ते पहाटे पाच गाडी उभी. तीन, दर दोन तासांनी थांबायचं, वेळेत पोचत असलो तरी. आणि चार, 'मला झोप येतेय' असं ड्रायव्हर म्हणाला की चर्चा संपली, त्यावर कुणीही, मोठ्या मामांनीसुद्धा, "आता थोडंच राहिलंय" असं म्हणायचं नाही. चौथा नियम पाळायला सगळ्यात अवघड. आपल्याकडे झोप येणं हा पुरुषार्थाला लागलेला डाग समजतात.

शेवटी एक विनंती, थोडी आगाऊ. हे वाचणाऱ्यांपैकी बरेच जण आता लीड झालेत, मॅनेजर झालेत, रजा मंजूर करायचं बटन तुमच्या हातात आलंय. टीममधला कुणी अमरावतीचा, अकोल्याचा, यवतमाळचा पोरगा शुक्रवारी दुपारी निघतो म्हणाला, तर "कॉल संपव आणि मग नीघ ना" असं म्हणू नका. तो संपवेल कॉल. सातला निघेल. कॉलमध्ये तसंही काही ठरत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे.

असो. बाकी चालू द्या. टायरमधली हवा तेवढी बघून घ्या.